काचेवर न उमटलेली तुळस

१

हातून निसटलेली काच फरशीभर पसरते. ही पसरली नव्हती. कुणीतरी ती टॉवेलात गुंडाळून वर टाच दिली होती आणि गाठोडं मोरीच्या कोपऱ्यात सारून ठेवलं होतं. आवाज होऊ नये म्हणून इतकी काळजी घेणारं माणूस वेडं नव्हे, एवढं कळायला प्रमिलाबाईंना फौजदार बोलवायची गरज पडली नाही.

सन सत्तावन्नचा हिवाळा होता. जळगावात बायामाणसांचे फोटो काढणारी बाई एकच, ती म्हणजे प्रमिलाबाई. नवरा वारला तेव्हा लोकांनी सल्ला दिला, कॅमेरा विका आणि शिवणयंत्र घ्या. बाईंनी कॅमेरा ठेवला आणि सल्ला देणारे सोडले. दूधवाल्याच्या दुधापासून पुढाऱ्याच्या हसण्यापर्यंत त्यांना कशाचाच चटकन भरवसा वाटत नसे. ‘माणूस कॅमेऱ्यापुढे बसलं की खोटं बोलायला लागतं,’ असं त्या म्हणत, आणि ते गिऱ्हाइकाला ऐकू गेलं तरी त्यांना फिकीर नसे.

काल दिवेलागणीला त्यांनी एका बाईच्या डाव्या हाताचे दोन फोटो घेतले होते. दोन काचेच्या प्लेटी धुऊन आतल्या खोलीत लाकडी खाचांत वाळत ठेवल्या होत्या. त्यांतली एक साधी आणि दुसरी खास, मुंबईहून मागवलेली. साधी प्लेट जागच्या जागी उभी होती. टॉवेलात सापडली ती खास.

बाई बाहेर आल्या. बाकावर चार माणसं चहा पीत होती. चौघांनीही वर पाहिलं.

“तुमच्यापैकी एकानं माझी काच फोडलीय,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “दाराला मी आतून कडी घालतेय. चहा संपवा सावकाश.”

२

ही चौघं शिरपूरकडच्या तापीकाठच्या एका खेड्यातली. यशोदाबाई ही म्हातारी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. तिचा मुलगा झुलाल. तिचा धाकटा दीर निंबाआबा. आणि चौथी ती, जिच्यावरून हे सगळं रामायण घडलं, ती सुगंधाबाई.

वीस-बावीस वर्षांमागे निंबाआबा आपल्या सहा वर्षांच्या पुतणीला, यशोदाबाईच्या कमलला, मार्गशीर्षातल्या सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रेला घेऊन गेले आणि एकटेच परत आले. पोरीचा पाय घसरला, तापीनं नेली, असं त्यांनी सांगितलं. घरानं रडून घेतलं. गेल्या साली यशोदाबाईचे मालक वनाजी वारले. त्याच सुमारास नवा कायदा आला, बापाच्या जमिनीत लेकीलाही लेकाइतकाच वाटा. आणि पुढच्या काही महिन्यांत पिंपळनेरकडून ही सुगंधाबाई आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, “मी कमल.”

“कायदा उगवला आणि पाठोपाठ बहीण उगवली,” झुलाल म्हणाला होता, आणि गाव त्यावर हसलं होतं. पण म्हातारी हसली नाही. तिनं त्या बाईला चुलीशी बसवून भाकर वाढली होती.

सुगंधाबाईकडे पुरावा म्हणून एकच गोष्ट होती. डाव्या हातावर मनगटापासून वर भाजल्याचा जुना, जाड व्रण होता, आणि त्या व्रणावर हिरवट निळं तुळशीचं गोंदण. कमलच्या हातावर तुळस होती हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. झुलालच्या वकिलानं सांगितलं, ही खूण उद्या बदलायच्या आत तिचा फोटो करून ठेवा. बाईमाणसाचा उघडा हात, म्हणून बाई फोटोवाली. अशी ही मंडळी एस्टीनं धुळ्यावरून जळगावात येऊन पोचली.

स्टुडिओच्या भिंतीवर सातपुड्याचं एक मोठं चित्र होतं. हिवाळ्यातल्या धुरळ्यात मेहरूणच्या तळ्यावरून डोंगर नुसते पुसटसे दिसतात. या चित्रात मात्र डोंगराची एकेक सोंड स्पष्ट, आणि झाडं फुटलेल्या कापसासारखी पांढरी.

“हाई काय शे? बरफ पडना का डोंगरवर?” निंबाआबांनी विचारलं.

प्रमिलाबाईंना हा प्रश्न आवडायचा. “तांबड्या रंगाच्या पलीकडे एक उजेड असतो, आबा. डोळ्याला दिसत नाही, माझ्या खास काचेला दिसतो. धुरळ्यातून तो पार होतो. हिरव्या पानावरून उसळतो, म्हणून झाडं पांढरी. अन् माणसाच्या हातावर पडला तर कातडीखाली थोडा शिरतो. कापड रंगवायचे रंग त्याला दिसतच नाहीत, जणू नाहीतच. त्याला अडवते ती काजळी. खरं गोंदण कशाचं असतं? काजळीचं. तेव्हा मी दोन फोटो घेणार. एक डोळ्याला दिसतं त्याचा, अन् एक कातडीखाली असेल त्याचा.”

“म्हणजे खरंखोटं कळेल?” झुलालचा चेहरा उजळला.

“कळेल.”

निंबाआबांनी चित्राकडे पाठ फिरवली. म्हातारी ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली. सुगंधाबाईनं हातावर पदर ओढला. “माले त्या मोठा दिवानं भ्या वाटस,” ती म्हणाली. मग तिनं पदर सारून हात टेबलावर ठेवला.

तो हात सरळ करताना बाईंना एक गोष्ट खटकली. तुळशीचं मूळ कोपराकडे होतं आणि शेंडा बोटांकडे. त्यांनी चहाचा कप घ्यायला पुढे आलेल्या यशोदाबाईच्या हातांकडे पाहिलं. म्हातारीच्या दोन्ही हातांवर गोंदणच गोंदण, आणि त्यांतली सगळी झाडं, सगळे मोर उलट, म्हणजे शेंडा कोपराकडे. बाई दिव्याकडे वळल्या. संशय बोलून दाखवला की नासतो, असं त्यांचं मत होतं.

३

रात्री बाया प्रमिलाबाईंकडेच निजल्या, पुरुष धर्मशाळेत. सकाळी बाई मागे न्हाणीत असताना पुरुष आले, म्हातारीनं चाचपडत दार उघडलं आणि सुगंधाबाईनं चहा टाकला. तेवढ्या वेळात आतल्या खोलीत कुणीही जाऊ शकलं असतं.

पहिला झुलाल. त्याला बाईंनी आतल्या खोलीत उभं केलं, बसायला सांगितलं नाही.

“मी कशाला फोडू, अक्का? ही काच मलाच हवी होती. माझ्या आईला दिसत नाही, म्हणून या बाईनं आमचं घर हेरलंय. मी आईला डॉक्टरकडे नेऊन थकलो. ती म्हणते, आता मला दिसायचं ते दिसलं.” त्यानं टोपी काढून हातात धरली. “अन् ही खोटी निघाली तर आई दुसऱ्यांदा मरेल. पहिल्यांदा मेली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. सगळं पाहिलंय मी.”

हा माणूस नुसता जमिनीवर बसलेला नाग नव्हता, हे बाईंना मान्य करावं लागलं. ते त्यांना आवडलं नाही. दोषी माणूस एकदा ठरला की काम सोपं होतं.

दुसरे निंबाआबा. थंडीचे दिवस असूनही कपाळाला घाम.

“पोर बुडाली ते तुम्ही पाहिलं?”

“मना डोयाम्होरे, बाई.”

“मग तुम्ही उडी मारली असेल.”

“माले... पाणी मोठं व्हतं.”

“मार्गशीर्षात? तापीला?”

आबांनी उपरण्यानं तोंड पुसलं. “इतली जुनी गोट, बाई. माले बठ्ठं याद नही.”

“घरी आलात तेव्हा धोतर ओलं होतं का, एवढं तरी आठवत असेल.”

आबा उठून दाराकडे गेले, कडी चाचपली, मग पाठमोरेच बोलले. “काच मी फोडी नही. पन फुटनी ते बरं व्हयनं.”

४

खाई त्याला खवखवे म्हणतात. आबांना काहीतरी खवखवत होतं, यात शंका नव्हती. पण ते काचेचंच होतं का? प्रमिलाबाईंनी म्हातारीला खुर्चीवर बसवलं आणि आवाज जरा मऊ केला.

“यशोदाबाई, कमलचं गोंदण तुमच्यासमोर झालं?”

“मना मांडीवर. गोंधारीन म्होरे बसनी, मी पोरले धरी राहनू. येक बाजूना पानं व्हयनात अन् पोर बोंबलनी, हात झटका, पयी गयी. दुसरी बाजू तशीच ऱ्हायनी. अर्धी तुळस. गोंधारीन बोलनी, पुढला फेराले पुरी करसू.” ती थांबली. “पुढला फेरा आधी जत्रा उनी.”

“हे झुलालला माहीत आहे?”

“कोनलेच नही. अर्धं गोंदन म्हनजे अपशकुन. मी पोरले लांब बाहीना झगा घाले. गावले फक्त तुळस माहीत.”

“अन् या बाईच्या हातावर तर तुळस पुरी आहे.”

“झुलालनी सांगं माले.” म्हातारीची बोटं पदराच्या काठावर फिरत राहिली. “कोनीतरी पुरी करी दिधी व्हई. व्हई ना, बाई? जठे वाढनी तठे कोनी माय भेटनी व्हई तिले.”

पहिल्यांदाच प्रमिलाबाईंना आपल्या संशयाची लाज वाटली. पण संशय गेला नाही, उलट वाढला. कारण आता ही तुळस खरी ठरायला हवी असणारी माणसं दोन झाली होती.

म्हातारीनं मान ताठ केली. “काच मी फोडी,” ती म्हणाली. “लिव्ही ल्या. आते पोरले तरास देऊ नका.”

५

प्रमिलाबाई उठल्या. खाचेतली साधी प्लेट आणि कपाटातली दुसरी कुठलीतरी, लग्नातल्या नवरदेवाची प्लेट, अशा दोन्ही त्यांनी म्हातारीच्या हातांत दिल्या.

“यांतली हाताची कुठली?”

म्हातारीनं काचा चाचपल्या, खिडकीकडे धरल्या, परत चाचपल्या. “हाई,” ती म्हणाली आणि नवरदेव पुढे केला.

बाईंनी दार उघडून बाकीच्या तिघांना आत घेतलं.

“आता मी बोलते, तुम्ही ऐका. इथं दोन काचा शेजारीशेजारी होत्या. बाहेरच्या माणसाला दोन्ही सारख्याच. पण खिडकीशी धरून पाहिलं तर फरक कळतो. साध्या काचेवर तुळस दिसते. खास काचेवर ती तुळस नाही. नुसता हात आणि शिरांचं जाळं.”

झुलाल ताडकन म्हणाला, “म्हणजे खोटी!”

“थांबा. तुम्हाला ही बाई खोटी ठरायला हवी. तुम्ही काच फोडायला आला असता तर कुठली फोडली असती? जिच्यावर तुळस दिसते ती. बिनतुळशीची तुम्ही जिवापाड जपली असती. निंबाआबांचंही तेच. त्यांनाही ही बाई खोटीच हवीय, का ते मी नंतर विचारीन. पण फुटली ती बिनतुळशीची. म्हणजे फोडणाऱ्याला तुळस टिकायला हवी होती. असं माणूस इथं दोन. यशोदाबाईंना दोन काचांतला फरक दिसत नाही. त्यांनी फोडल्या असत्या तर दोन्ही फोडल्या असत्या. त्या लेकीसाठी खोटं बोलल्या.”

सगळ्यांनी पाहिलं ते एकीकडेच.

सुगंधाबाई भिंतीला टेकून खाली बसली. तिनं हात पुढे केला, सगळ्यांना दिसेल असा.

“मी फोडी,” ती म्हणाली. “हाई तुळस मीच गोंदी. सुई लई, लुगडाना हिरवा रंग लई, मनी मीच. तुमी बोलनात कापडना रंग त्या उजेडले दिखत नही, तव्हाच मना जीव उडी गया.”

“कुनी सांगं तुले, इकडं पोर हरायेल शे म्हनून?” झुलालनं विचारलं. चिडला की त्याची शहरी बोली गळून पडत असे.

“कासारीन. बांगड्या भराले ये. तिनी सांगं, शिरपूरकडं येक घर शे, पोर जत्रामां गयी, हातवर तुळस व्हती.” ती म्हातारीकडे पाहत नव्हती. “मी गुऱ्हाळवर वाढनू. माय कोन, बाप कोन, माहीत नही. मालकनी बायको बोले, तू रस्तावर भेटनी. उकळता पाक हातवर पडना, मी तव्हा एवढीशी. त्यानाआधीनं माले दोनच याद शे, घोडा अन् पानी. मी सोचं, घोडा अन् पानी माले याद शे, तुळस तिनी व्हती, तर मिळीसन येक पोर व्हई जाई. वाटा माले नको व्हता. तिनी माले भाकर वाढी अन् इचारं, ‘तिखट लागस का?’ असं माले जनमभर कोनी इचारं नही.”

मग ती उठली. “मी खोटी शे. मी जास.”

“बस खाली,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “काच फोडलीस, तिचं काय झालं ते बघून जा.”

६

काचेवरचा लेप चिवट असतो. टाचेखाली काच तडकली होती, पण लेपानं तुकडे धरून ठेवले होते. प्रमिलाबाईंनी ते दुसऱ्या काचेवर जुळवले, खाली कागद घातला आणि चौकटीत दाबून मागच्या अंगणात उन्हात ठेवले. कागद काळवंडेपर्यंत कुणीच बाकावरून उठलं नाही. झुलालनं दोनदा वकिलाचं नाव काढलं आणि दोन्ही वेळा पुढं काही बोलला नाही.

चौकट उघडून बाईंनी कागद टेबलावर ठेवला. तडे गेलेला हात. हिरव्या रंगाची तुळस कुठंच नव्हती. शिरा मात्र काळ्या नद्यांसारख्या उमटल्या होत्या, आणि व्रण जिथं सर्वांत जाड, त्याच्या खाली, शिरांच्या गुंत्यात, आणखी एक काळी खूण होती. एक दांडी आणि तिच्या एकाच बाजूला पानं.

“ही शीर नव्हे,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “शिरेला पानं फुटत नाहीत. ही काजळी आहे. पाक पडायच्या आधीची. कातडी जळाली, वरची खूण गेली, आत राहिली ती ही.”

“पण ती उलटी आहे,” झुलाल म्हणाला. तोही आता वाकून पाहत होता. “वरची तुळस बोटांकडे जाते, ही कोपराकडे.”

“बरोबर. गोंधारीण समोर बसते, तेव्हा तिला सरळ दिसेल अशी गोंदते. आपल्याला ती उलटी. तुमच्या आईचे हात बघा, सगळी झाडं तशीच. या बाईनं स्वतःच्या हातावर स्वतः गोंदलं, म्हणून ती तिच्याकडून सरळ. ते काल पाहिलं तेव्हाच मी मनाशी म्हटलं, ही चोर आहे. चोर तर होतीच. फक्त जे चोरायला आली, ते तिचंच होतं. कासारणीला माहीत होती ती पुरी तुळस. अर्धी माहीत होती एकट्या यशोदाबाईंना. अन् या पोरीला तीही ठाऊक नव्हती. जे माहीतच नाही, ते कुणी कातडीखाली लपवून आणत नाही.”

सुगंधाबाई कागदाकडे पाहतच राहिली. म्हातारीला कागद दिसणार नव्हता. तिनं पोरीचा हात ओढून घेतला आणि बोटानं त्या जाड व्रणावर चाचपडू लागली. प्रमिलाबाईंनी तिचं बोट धरून खुणेच्या जागी ठेवलं. दांडीवरून, एका बाजूच्या पानांवरून, आणि मग दुसऱ्या बाजूला, जिथं काहीच नव्हतं तिथं. तिथं म्हातारीचं बोट थांबलं, आणि ती मोठ्यानं रडायला लागली.

झुलाल कोपऱ्याकडे तोंड करून उभा होता. पोरीनंच तोंड उघडलं.

“मंग माले शोधाले कोनीच काबरं नही उनं?”

या प्रश्नाला खोलीत एकच उत्तर होतं, आणि ते दाराच्या कडीशी उभं होतं.

“मी घोडा देखत ऱ्हायनू,” निंबाआबा म्हणाले. कुणाकडेही न पाहता, भरभर, जसं काही हे शब्द वर्षानुवर्षं तोंडात तयार होते. “मांगे देखं तव्हा पोर नही. बठ्ठी जत्रा पालथी करी. वनाभाऊले काय सांगू? हरवनी सांगतू तर त्यानी माले जित्ता सोडा नसता. मी सांगं, बुडी गयी.”

“अन् बुडी गयेल पोरले कोन शोधस?” झुलाल म्हणाला.

यशोदाबाईनं रडणं थांबवलं. डोळे पुसले. दिराच्या आवाजाच्या रोखानं तिनं तोंड वळवलं.

“दर आखाजीना सनले गावन्या बठ्ठ्या पोरी माहेरले येत,” ती सावकाश म्हणाली. “झोका बांधेत, गाना म्हनेत. मी खापरनी पुरनपोयी करू, अन् तिना नावनी पयली पोयी तापीमां सोडू. माले दिखेनासं व्हयनं, तव्हापासून तू मना हात धरीसन माले नदीवर लई जाये, निंबा. पायरी उनी, वहिनी, जपीसन, असं बोले.”

म्हातारी उठली. सवयीनं आबांनी हात पुढे केला. तिला तो दिसला नसेल, पण तो तिथं आहे हे तिला माहीत होतं. तिनं तो घेतला नाही.

“कमल,” ती म्हणाली, “मना हात धर.”